सात आणि आठच्या मधली पायरी

८ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाई सुट्टीत कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि आमचं नशीब फुटलं. आजपासून खालच्या चारही वर्गांत गणित हाताने शिकवायचं. फळा कमी, वस्तू जास्त. प्रत्येक शिक्षकाला एकेक कोरी वही मिळाली आहे, तीत रोजचा अनुभव लिहायचा. मी त्या वहीत लिहिलं, ‘मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला.’ खरं काय झालं ते या घरच्या वहीत लिहिते. कुठेतरी मन मोकळं केल्याशिवाय उद्या त्या वर्गात माझ्याच्याने पाऊल टाकवणार नाही.

प्रत्येक बाकावर मूठभर मक्याचे दाणे ठेवले आणि दहादहाचे ढीग करा म्हटलं. निम्म्या वर्गाने दाण्यांचे डोळे, नाक, तोंड केलं. एकाने एक दाणा खऱ्याच नाकात घातला. तो चिमट्याने निघेपर्यंत तास संपला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईने हे बघायचं!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तिसऱ्या बाकावर ती बारकी मुलगी आहे, जिला सगळा वर्ग मुंगी म्हणतो. ४७ लिही म्हटलं की लिहिते, वाचते. आज तिला म्हटलं, सत्तेचाळीस दाणे दाखव. तिने डावीकडे चार ठेवले, उजवीकडे सात, आणि माझ्याकडे बघून हसली. चार म्हणजे चाळीस हे तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे दीड वर्ष मीच सांगितलेलं नाही, कारण ती दुसरीपासून माझ्याकडेच आहे.

११ जानेवारी, गुरुवार

आज बैठक. मोठ्या बाई म्हणाल्या, एक मार्चला त्या स्वतः वर्गावर येऊन कच्च्या मुलांना तपासणार. ज्याचा पाया तयार नाही, त्याने गणिताच्या तासाला पहिलीत जाऊन बसायचं. “यात कमीपणा काही नाही,” म्हणाल्या. कमीपणा नाही तर मग काय आहे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

मुंगीचा धाकटा भाऊ पहिलीत आहे. पहिल्या बाकावर बसतो आणि भलताच आगाऊ आहे. तिच्या कानावर ही गोष्ट कशी गेली कोण जाणे. सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, “बाई, मला त्याच्या शेजारी बसवणार?”

“नाही बसवणार,” म्हटलं. बोलून गेले खरी. आता निस्तरायला हवं.

१४ जानेवारी, रविवार

दाणे नाकात जातात, काड्या डोळ्यात जातात, मण्यांची माळ एकीने गळ्यातच घातली. मोठी, जड, हातात भरेल अशी वस्तू हवी. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लाकडी कांड्यांचं चित्र आहे. एकाची कांडी म्हणजे अंगठ्याएवढा ठोकळा, दोनची त्याच्या दुप्पट, असं करत दहापर्यंत. सातच्या पुढे तीनची ठेवली की बरोब्बर दहाच्या कांडीएवढी लांबी. बेरीज पाठ करायची नाही, डोळ्यांनी बघायची आणि बोटांनी चाचपायची. शाळेकडे कांड्या नाहीत, चित्र तेवढं आहे.

संध्याकाळी ह्यांना ते चित्र दाखवलं. हे हसले. “सुताराची बायको असून मक्याचे दाणे घेऊन फिरतेस? लोक मला काय म्हणतील?” गेल्या वर्षी पाठीचं निमित्त झालं आणि ह्यांनी कारखाना बंद केला. तेव्हापासून माणूस नुसता बसून असतो, खिडकीची कडी काढतो आणि परत बसवतो. आज कितीतरी दिवसांनी मागच्या खोलीतली हत्यारं खाली काढली. मला बरं वाटलं. कांड्यांपेक्षा त्याचंच जास्त वाटलं म्हणायला हरकत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

पहिला संच तयार, आणि उरल्या तुकड्यांतून एकाचे सुटे ठोकळेही. पूर्वी ज्या माणसाने एका दिवसात खिडकी उभी केली, त्याने पंचावन्न ठोकळ्यांइतक्या लाकडाला आठवडा लावला. पण काम असं की बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागत नाही. मीच रंग दिले. सातला जांभळा, आठला तपकिरी, दहाला नारिंगी, बाकी जे डबे घरात होते ते.

मुलांनी टेबलाभोवती नुसता गराडा घातला. एकापासून दहापर्यंत कांड्या उभ्या लावल्या की जिना होतो. मुंगीने सगळ्यांत शेवटी हात लावला. एकेका पायरीवरून बोट चालवत वर गेली आणि तसंच खाली आली. मग परत वर. बाकीच्यांनी ओरडा केला तरी तिने जिना सोडला नाही. मग मी दहाच्या चार कांड्या आडव्या ठेवल्या, म्हणजे एक दहाची आणि तीन वेताच्या काड्या तेवढ्याच कापून, आणि शेजारी सात ठोकळे. “सत्तेचाळीस,” म्हटलं. तिने एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, एकदा फळ्यावरच्या चाराकडे. तिचं तोंड उघडंच राहिलं.

अशा वेळी वाटतं, दोन वर्षं काढू आपण.

२८ जानेवारी, रविवार

एका संचावर तीस मुलं म्हणजे मारामारीच. ह्यांना आणखी पाच संच करायला सांगितले. “पाच? बरं. किती म्हणालीस?” पाच, म्हटलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन परत विचारलं. पुरुषांना बायकोचं बोलणं एका कानाने ऐकायचं कसब जन्मतःच असतं.

मागच्या खोलीत चहा द्यायला गेले तर हे स्क्रू मोजून डब्यात टाकत होते. मी म्हटलं, चहा ठेवलाय. तर केवढ्याने ओरडले, “मध्ये बोलू नकोस! आता परत एकपासून!” मी कप ठेवून निघून आले. आज दिवसभर मीही कुणाशी बोलले नाही. आठवडाभर तीस मुलांचा ओरडा ऐकायचा आणि सुट्टीला घरी परत हे.

ह्यांची मापाची फीत खिळ्याला टांगलेली दिसली. त्याऐवजी एक दोरा घेऊन त्याला गाठी मारल्या आहेत आणि त्या गाठींवरून लाकडाला खुणा करतात. फीत का नाही वापरत, विचारलं. म्हणाले, “जुने कारागीर असंच करायचे. फितीवर कुणाचा भरवसा?” मला कौतुक वाटलं. आपण पुस्तिका वाचून जे शिकवतोय ते ह्या माणसाला उपजतच येतं, असं मनात आलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. ती म्हणाली, “आई, बाबांनी काल मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तेच विचारलं, तू कधी येणार.” करमत नाही गं त्यांना, म्हटलं. ती म्हणाली, “तू जरा लक्ष दे त्यांच्याकडे.” सगळ्यांकडे मीच लक्ष द्यायचं. माझ्याकडे कोण देतं ते कळू दे एकदा.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी तीन ताटं मांडली. कोण येणार आहे, म्हटलं. तर ताटांकडे बघत राहिले आणि एकदम हसून म्हणाले, “तू दोघींचं जेवतेस ना हल्ली!” लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांची चेष्टा करायची खोड जात नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

पाचही संच आले. ह्यांनी एकेका मापाची जुडी बांधून दिली आणि एकेक जुडी हातात देत सांगितलं, ही चारची, ही सातची, ही आठची. मी जुडीला रंग लावत गेले. मोजून बघायचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाचं माप कधी केसभर चुकलं नाही, त्याच्या कामावर मी पट्टी लावायची?

मोठ्या बाईंनी ह्यांना प्रार्थनेच्या वेळी बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर आभार मानले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरी येईपर्यंत वाटेत दोन-तीनदा म्हणाले, “पोरं चांगली आहेत गं तुझी.” एवढं खूश मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अभ्यासक्रम मागे पडलाय, म्हणून नव्या संचांवर जिना करायचं वगळलं आणि सरळ ‘दहाच्या जोड्या’ घेतल्या. नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन. प्रत्येक गटाने कांड्या जोडून दहाच्या नारिंगी कांडीशेजारी ठेवायच्या आणि मोठ्याने म्हणायचं. सगळा वर्ग ओरडत होता, “सात आणि तीन दहा!” माझं डोकं उठलं, पण मनात समाधान होतं.

मुंगीला मात्र काय झालं होतं कळेना. सगळ्यांच्या आधी जिना करायला बसली. मला हाक मारली, “बाई, इथं पायरीच नाही.” कुठे, म्हटलं. “सात आणि आठच्या मध्ये.” मी लांबूनच म्हटलं, घाई करू नकोस, नीट लाव, एकाच मापाच्या दोन घेतल्या असशील. तिने पुन्हा लावला. पुन्हा हाक मारली. तेवढ्यात मागे दोघांची कांड्यांनी तलवारबाजी सुरू झाली आणि मी तिकडे धावले.

मग सात-तीनची जोडी करताना ती म्हणाली, हे दहा नाहीत, जास्त आहेत. अख्खा वर्ग हसला. मी म्हटलं, “सगळ्यांचे दहा होतात, तुझेच कसे होत नाहीत गं?” आवाज जरा चढला असेल माझा. तिने कांड्या खाली ठेवल्या.

दोन पावलं पुढे गेलेली पोर चार पावलं मागे का येते? थकले मी. अगदी मनापासून थकले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या बाई रंगीत तालीम बघायला म्हणून वर्गात आल्या. मुंगीला उठवलं. “सात आणि तीन किती होतात, कांड्यांनी दाखव.” तिने जांभळी घेतली, तीनची घेतली, टोकाला टोक जोडलं, खाली नारिंगी ठेवली आणि म्हणाली, “नाही होत.”

“काय नाही होत?”

“दहा नाही होत.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नीट बघ,” मी म्हटलं. तिने वाकून पाहिलं. “नीट बघ गं!” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि हळूच म्हणाली, “दहा.”

बाहेर पडताना मोठ्या बाई म्हणाल्या, “हिला पहिलीत बसवलं तर तिचंच भलं होईल.” मी मान हलवली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज शाळा सुटल्यावर कांड्या डब्यांत भरत होते. वर्गात कुणी नव्हतं. जांभळी आणि तपकिरी अशा दोन कांड्या एकदम मुठीत आल्या आणि मुठीतून त्यांची टोकं सारखीच बाहेर आली.

मी त्या टेबलावर उभ्या केल्या. मग दुसऱ्या संचातल्या काढल्या, मग तिसऱ्या. पाचही संचांतली सातची कांडी आठएवढी होती. इथं पायरीच नव्हती.

तीस मुलांनी ह्या कांड्या आठवडाभर हाताळल्या आणि सगळ्यांनी ओरडून सांगितलं की सात आणि तीन दहा. आता आठवलं, एकजण जास्तीचा तुकडा वहीखाली सारत होता. मला वाटलं, चाळे करतोय. बाकीच्यांनी पाठांतर म्हणून दाखवलं, कांड्यांकडे कुणी बघितलंच नाही. बघितलं फक्त मुंगीने. जे दिसलं तेच ती बोलली आणि मी तिच्या तोंडून खोटं वदवून घेतलं. मोठ्या बाईंच्या देखत.

डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्यामागून ह्यांचा इतका राग आला की त्या दहाही कांड्या पिशवीत कोंबल्या आणि तडक घरी आले.

तोच दिवस, जेवणाआधी

हे खिडकीशी बसले होते. पिशवी समोर उपडी केली. “काय केलंत हे?”

“काय केलं?”

“ही सातची आहे ना? आणि ही आठची?” दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. “एका पोरीचं वाटोळं करायला निघाले मी, तुमच्या ह्या हलगर्जीपणापायी! आयुष्यभर सुतारकाम केलंत आणि सात-आठ कळू नयेत?”

ह्यांनी हात पुढे केला. एक कांडी घेतली, मग दुसरी. तळहातावर तोलल्यासारख्या धरल्या. मला वाटलं आता चेष्टा करतील. मी चेष्टेची वाटच बघत होते खरं तर.

“फितीवर सात लिहिलेलं दिसतं गं,” हे म्हणाले. “पण सात म्हणजे केवढं, ते हाताला येत नाही आता.”

“म्हणजे?”

“येत नाही. गाठी मारल्या, तर गाठ कितवी तेही विसरायला होतं.”

“कधीपासून?”

“कारखाना बंद करायच्या आधी एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार लहान झालं होतं, तेव्हापासून. त्याच्याही आधी असेल.”

“आणि पाठ?”

“पाठीला काय झालंय!” हे म्हणाले, आणि हसायला गेले, पण ते जमलं नाही.

मी खाली बसले. मग ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, लेकीला सांगू नकोस. आणि शाळेत तर मुळीच नको, तिथे टाळ्या वाजवल्यात पोरांनी. मी हो म्हटलं.

ताटं, फोन, स्क्रू, दोरा. समोर होतं सगळं. मूल कुठे अडकलंय ते बोटांच्या हालचालीवरून ओळखते म्हणून मी मिरवते. घरात एक माणूस वर्षभर अडकून पडला होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंना सांगितलं, सातच्या कांड्या चुकीच्या होत्या. मापं मीच चुकीची सांगितली होती. त्या मुलीचं बरोबर होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग फार मायेने म्हणाल्या, “दोनच वर्षं राहिलीत तुमची. एवढी दगदग नका करून घेऊ.” मायेचा मारच जास्त लागतो. मुंगीचं काय, विचारलं. म्हणाल्या, “शेवटी तिने दहाच म्हटलं ना? म्हणजे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. एक तारखेला बघू.”

जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवून मी स्वतः सातच्या नव्या कांड्या केल्या. चार-चारदा मोजल्या.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगीला सुट्टीत जवळ बसवलं. नव्या कांड्या बरोबर आहेत, सांगितलं. सहा आणि चार? तिने दोन कांड्या उचलल्या, जोडल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कांड्यांकडे बघ, म्हटलं. तिने नजर खाली नेली आणि लगेच परत वर आणली. माझी भुवई हलली की “दहा” म्हणते. हलली नाही की “नऊ?” म्हणते. “अकरा?” म्हणते. कांड्या तिच्या हातात असतात नुसत्या, त्यांच्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. आणि माझ्यावर आहे, हेच वाईट आहे.

मी तोंड फिरवून बसले तर ती उठून माझ्या समोर आली.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांना शिकवायला बसले. हसू नये कुणी. मला दुसरं येतं काय? ठोकळे घेतले, कांड्या घेतल्या, पहिल्यापासून सुरुवात. जिना लावा म्हटलं, तर ह्यांनी बघता बघता लावला, एकही पायरी चुकली नाही. माझ्या पोटात आशा उभी राहिली. मग एका कांडीवर बोट ठेवून विचारलं, ही कितीची?

हे बघत राहिले. “मोठी,” म्हणाले. “हिच्या आधीचीपेक्षा मोठी.”

मोजा बरं, म्हटलं. एक, दोन, तीन, पाच. पुन्हा. एक, दोन, आणि थांबले. तिसऱ्यांदा मी “चार” असं सुचवलं, तर कांडी भिंतीवर फेकली आणि उठून गेले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. बाहेर आले तर हे कांडी शोधून टेबलावर ठेवून बसले होते. म्हणाले, “तुझ्या पोरांना मारत नाहीस ना गं अशी?” मी कुठे मारलं तुम्हाला, म्हटलं. “नाही मारलंस,” म्हणाले. “पण मला तसंच वाटलं.”

डॉक्टरची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. थोडी सवय गेली आहे, रोज थोडं थोडं केलं तर येईल परत. कपाटाचं दार काही एका दिवसात बिघडत नाही, तसं सुधारायलाही वेळ लागणार. बेरजेआधी नुसतं मोजणं पक्कं करून घ्यायचं असं ठरवलंय.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या तपासणी. मुंगी अजून माझ्याच तोंडाकडे बघते. आज तिचा भाऊ आमच्या दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, मी तुझी जागा धरून ठेवलीय.” ती बाकावर पेन्सिलने तोच तो ठिपका गडद करत राहिली.

शब्द तिलाही दिलाय आणि ह्यांनाही.

१ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहायचं आहे, पण हात जड झालाय. लिहिते तरी.

मोठ्या बाई दुसऱ्या तासाला आल्या. मुलांची छोटी खुर्ची ओढून मुंगीच्या बाकासमोर बसल्या. “सात आणि पाच.” मुंगीने सातची कांडी उचलली. पाचची उचलली. आणि मान वळवून मला शोधलं.

मी खिडकीबाहेर बघितलं. ती थांबली. वर्ग थांबला. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. आता त्या काय लिहिणार ते मला कळत होतं.

मग मी चालत तिच्या बाकाशी गेले आणि बोलले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. “त्या दिवशी तू सांगितलंस, हे दहा नाहीत. तुझं बरोबर होतं. कांड्या चुकीच्या होत्या. मी न बघताच तुला रागावले. अख्खा वर्ग चुकला, मी चुकले, तू एकटी बरोबर होतीस.”

मुंगीने विचारलं, “चुकीच्या कुणी कापल्या?”

मापं मी चुकीची सांगितली, एवढं म्हणून भागलं असतं. मोठ्या बाईंना तेच सांगून ठेवलं होतं. पण त्या पोरीला पुन्हा एकदा खोटं सांगायला जीभ वळेना.

“ते आले होते ना प्रार्थनेला, त्यांनी.”

“त्यांना येत नाही?”

“यायचं,” मी म्हटलं. “फार छान यायचं. आता येत नाही.”

स्वतःच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. लेकीला सांगितलेलं नाही, स्वतःशीही बोलले नव्हते, आणि तीस मुलांसमोर बोलून बसले. बाकाचा आधार घ्यावा लागला.

मुंगी विचार करत होती. मग तिने विचारलं, “मग त्यांना पण खालच्या वर्गात बसवणार?”

कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

“नाही,” मी म्हटलं. “ते आहेत तिथेच बसतील. माझ्याजवळ.”

तिने मान डोलावली, म्हणजे हे तिला पटलं असावं. मग सातची कांडी आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी एकेक ठोकळा लावत गेली, टोकापर्यंत. “ही बरोबर आहे,” म्हणाली. पाचची तशीच तपासली. दोन्ही टोकाला टोक जोडल्या, खाली नारिंगी ठेवली आणि जे उरलं तिथे दोन ठोकळे बसवले. एकदाही वर बघितलं नाही. “दहा आणि वर दोन. बारा.” मोठ्या बाईंनी त्रेपन्न विचारलं. पाच नारिंगी, तीन ठोकळे. वजाबाकी विचारली. वेळ लावला तिने, जीव जाईल इतका वेळ लावला, पण सगळं बघून बघून केलं.

मोठ्या बाई उठल्या. “राहू दे हिला इथेच,” म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मला आधी का नाही सांगितलंत?” म्हणाल्या.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ह्यांना सांगितलं, मी शब्द मोडला. शाळेत सगळ्यांसमोर बोलून बसले. ह्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “ती मुलगी राहिली का वर्गात?”

“राहिली.”

“मग बरं केलंस,” म्हणाले, आणि खरंच चेहरा उजळला त्यांचा.

चहा घेताना म्हणाले, “त्या तुझ्या मुलीचं काय झालं गं?” मला वाटलं, सगळं सविस्तर ऐकायचंय. सांगितलं. तितकेच खूश झाले. मी भाजी चिरत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. काळजीने विचारलं, “आज तपासणी होती ना? त्या मुलीची?”

सुरी खाली ठेवली मी. रोज थोडं थोडं केलं तर येईल परत, असं गेल्या रविवारी इथेच लिहिलं होतं.

“राहिली हो वर्गात,” म्हटलं. ह्यांनी टाळी वाजवली.

आता लिहिते आहे तर दारात उभे आहेत. “काय गं,” म्हणतायत, “ती मुलगी...”

राहिली. राहिली हो.